नव्या कार्यप्रणालीनंतर मुका झालेला लॅपटॉप

रत्नागिरीत आकाशवाणीचे केंद्र १९७७ मध्ये सुरू झाले. डोंगर, खाड्या आणि दूरदूर विखुरलेल्या वाड्या यांच्या या जिल्ह्यात हवामानाचा इशारा, शेतीविषयक सल्ला आणि बाहेरच्या जगाची बातमी आवाजाच्या वाटेने घरात येऊ लागली. रेडिओ बंद पडला की काय करावयाचे, हे त्या काळी घरातील शाळकरी मुलासही ठाऊक असे. प्रथम बॅटरी पाहावयाची, मग पट्टा बदलला आहे काय ते पाहावयाचे, मग एरियलची तार, आणि एवढे करूनही आवाज आला नाही तरच बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडे जावयाचे. या क्रमात मोठे शहाणपण होते. आज रेडिओच्या जोडीला लॅपटॉप आला आहे. मुंबईतील मुलाने स्वतःसाठी नवा घेतला आणि जुना गावी आईवडिलांकडे पाठविला, असे अनेक लॅपटॉप मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या नऊही तालुक्यांत सापडतील. तो मुका झाला की मात्र घरातील सारेच गोंधळून जातात.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी ओपीडी सेवेमुळे रुग्णास घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येऊ लागले. परंतु डॉक्टरांचा शब्द ऐकू आला नाही तर ती सेवा असून नसल्यासारखीच. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने फौजदारी चौकशीचे व खटल्याचे कामकाज दृक्‌श्राव्य साधनांद्वारे चालविण्यास मुभा दिली आहे. दूरच्या गावातील साक्षीदाराचा फेरा त्यामुळे वाचू शकतो, मात्र त्याचे म्हणणे न्यायालयास स्पष्ट ऐकू आले पाहिजे. आणि ज्यांना दृष्टी नाही त्यांच्या बाबतीत तर आवाज हाच संगणकाचा पडदा होय. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

विंडोज १० या कार्यप्रणालीस निर्मात्या कंपनीकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कार्यप्रणाली म्हणजे ज्यास बाजारात ऑपरेटिंग सिस्टिम असे म्हणतात ती मूळ व्यवस्था. इतर सारे कार्यक्रम तिच्या आधारावर चालतात. आधार संपल्यानंतर सुरक्षिततेच्या दुरुस्त्या नेहमीप्रमाणे येत नाहीत. काही काळासाठी विस्तारित सुरक्षा योजना ठेवण्यात आली असली तरी घरगुती वापरकर्त्यांसाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच ठरविण्यात आली. साहजिकच असंख्य लॅपटॉपांवर विंडोज ११ चढविण्यात आली. ज्या यंत्रांचा प्रोसेसर जुना आहे किंवा ज्यांत टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था नाही ती यंत्रे या बदलास पात्र ठरली नाहीत. त्यांपैकी काहींवर उबुंटू, लिनक्स मिंट यांसारख्या मुक्त कार्यप्रणाली बसविण्यात आल्या. दोन्ही मार्गांवर एक तक्रार वारंवार आढळते : काल संध्याकाळपर्यंत बोलणारा लॅपटॉप आज सकाळी मुका झाला आहे.

आवाज कोणत्या वाटेने येतो

दोष शोधावयाचा तर आवाजाची वाट ठाऊक हवी. लॅपटॉपमध्ये साठविलेला किंवा इंटरनेटवरून येणारा आवाज हा प्रत्यक्षात आकड्यांचा प्रवाह असतो. साधारणपणे एका सेकंदास ४४,१०० किंवा ४८,००० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजलेली असते आणि सोळा बिटांच्या नोंदीत प्रत्येक मोजमापाला ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी मिळते. व्हिडिओ, भ्रमणध्वनीसारखा चालणारा संवाद, सूचनेची घंटी अशा वेगवेगळ्या कार्यक्रमांचे प्रवाह कार्यप्रणालीतील ध्वनिसेवा एकत्र करते. तो मिश्र प्रवाह ड्रायव्हर नावाच्या आज्ञावलीकडे जातो. ड्रायव्हर तो कोडेक या चिमुकल्या चकतीपर्यंत पोचवितो. कोडेक आकड्यांचे विजेच्या दाबात रूपांतर करते, वर्धक तो दाब वाढवितो आणि अखेर स्पीकरचा पडदा हलतो.

या साखळीतील ड्रायव्हर हा दुवा समजून घेण्यासारखा आहे, कारण कार्यप्रणाली बदलल्यावर बहुधा तोच निखळतो. एस.टी.च्या ड्रायव्हरशी त्याचे नावापुरतेच साम्य आहे. त्याचे काम खरे तर दुभाष्याचे. कार्यप्रणाली एका भाषेत आज्ञा देते आणि कोडेकला केवळ स्वतःची भाषा कळते. इंटेल कंपनीने २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ हे प्रमाण ठरवून दिल्यानंतर या भाषांत बरीच एकवाक्यता आली हे खरे. तथापि कोडेकच्या कोणत्या टोकास स्पीकर जोडला आहे, कोणते टोक हेडफोनच्या खाचेस गेले आहे, आणि वर्धक केव्हा चालू करावयाचा, ही जोडणी प्रत्येक उत्पादक आपापल्या सोयीने करतो. एकाच कंपनीच्या दोन प्रतिमानांतही ती निराळी असू शकते. सर्वसाधारण दुभाष्याला प्रमाण भाषा येते, पण त्या गावची बोली येत नाही, अशी स्थिती मग उद्भवते. कोडेक चालू असते, पडद्यावर आवाजाची पट्टी हलताना दिसते, आणि स्पीकर गप्प असतो.

कार्यप्रणाली अद्ययावत होत असताना जुना ड्रायव्हर शक्य तर पुढे नेला जातो. तो नव्या व्यवस्थेस मानवणार नाही असे वाटल्यास त्याच्या जागी दुसरा बसविला जातो. ही निवड आपोआप होते आणि बहुतेक वेळा बरोबर होते. चुकते तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांचीही चुकते, याची उदाहरणे नोंदलेली आहेत. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली तेव्हा तिची ध्वनिव्यवस्था मुळापासून नव्याने रचण्यात आली होती, आणि एक्सपीसाठी लिहिलेले अनेक ड्रायव्हर त्यामुळे निरुपयोगी ठरले. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या काही संगणकांना इंटेलच्या ध्वनी-ड्रायव्हरची एक चुकीची आवृत्ती स्वयंचलित रीतीने पाठविली गेली. ते संगणक मुके झाले आणि ती आवृत्ती काढून टाकणारी दुरुस्ती स्वतंत्रपणे पाठवावी लागली. विंडोज ११ च्या २०२४ मधील २४एच२ या आवृत्तीनंतर डिरॅक या ध्वनिसुधार आज्ञावलीचा विशिष्ट भाग असलेल्या यंत्रांवर स्पीकर व ब्लूटूथ दोन्ही बंद पडले. त्या यंत्रांचे अद्ययावतीकरण मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२४ मध्ये रोखून धरले आणि नवा ड्रायव्हर तयार झाल्यावर २०२५ मध्ये ती अडवणूक उठविली. तेव्हा घरातील लॅपटॉप मुका झाला म्हणून कोणी चुकीचे बटण दाबले असेल असे मानून मुलांवर ओरडण्याचे कारण नाही.

आधी बॅटरी, मग एरियल

रेडिओच्या काळातील क्रम येथेही पाळावा. पहिल्या पायरीवर स्क्रू काढावयाचे नसतात आणि काही पुसूनही टाकावयाचे नसते.

कळफलकाच्या वरच्या ओळीत आवाज बंद करण्याचे बटण असते. त्यातील लहान दिवा लागलेला आहे काय ते पाहावे. त्यानंतर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हाकडे वळावे. आवाजाची पट्टी वर असली तरी तेवढ्यावर समाधान मानू नये, कारण प्रत्येक कार्यक्रमाचा आवाज स्वतंत्रपणे कमी-अधिक करता येतो. विंडोज ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि व्ही ही तीन बटणे एकदम दाबली असता हा सारा तक्ता समोर येतो. सूचनेची घंटी वाजते पण व्हिडिओ मुका आहे, असे आढळल्यास दोष कार्यप्रणालीत नसून त्या एका कार्यक्रमाच्या पट्टीत आहे असे समजावे.

याच तक्त्यात सर्वांत वर आवाज कोठे जात आहे त्याचे नाव लिहिलेले असते. अद्ययावतीकरणानंतरच्या तक्रारींपैकी पुष्कळ येथेच मिटतात. एचडीएमआय तारेने टीव्ही किंवा मोठा पडदा जोडलेला असेल, अथवा पूर्वी कधीतरी जोडलेला ब्लूटूथ स्पीकर शेजारच्या खोलीत चालू असेल, तर नवी कार्यप्रणाली त्यालाच मुख्य साधन मानून बसते. आवाज तयार होत असतो, तो भलत्याच दारातून बाहेर पडत असतो. यादीतील लॅपटॉपच्या स्पीकरचे नाव निवडले की काम झाले.

पुढची पायरी संगणक पुन्हा सुरू करण्याची. ही सूचना अनेकांना टाळाटाळीची वाटते. तिच्यामागे मात्र ठोस कारण आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, जलद सुरुवातीची एक सोय देण्यात आली आहे. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर कार्यप्रणालीचा गाभा पूर्णपणे बंद होत नाही, तर त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. अडकलेला ड्रायव्हरही तसाच अडकलेला परत येतो. रीस्टार्ट ही आज्ञा दिल्यास सर्व ड्रायव्हर नव्याने चढविले जातात. याचा अर्थ असा की, रात्री बंद करून सकाळी चालू केलेला लॅपटॉप आणि रीस्टार्ट केलेला लॅपटॉप यांत फरक असतो. बंद-चालू करून पाहिले असे सांगणाऱ्याने यांपैकी नेमके काय केले, हे विचारून घ्यावे.

बिघाड आज्ञावलीचा की यंत्राचा

येथवर गुण आला नाही तर दोष कोणत्या बाजूस आहे याचा निवाडा करावयास हवा. तो न करताच स्पीकर बदलणे किंवा संपूर्ण कार्यप्रणाली पुन्हा बसविणे यांत पैसा व वेळ दोन्ही वाया जातात. निवाड्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे यूएसबीचा हेडसेट. त्याच्या तारेतच स्वतःचे छोटे रूपांतरक असते, त्यामुळे तो लॅपटॉपच्या कोडेकवर अवलंबून नसतो. हा हेडसेट जोडल्यावर आवाज आला तर कार्यप्रणालीची ध्वनिसेवा सुरळीत आहे आणि अडचण कोडेक, त्याचा ड्रायव्हर किंवा पुढील तारा यांपैकी कोठेतरी आहे हे निश्चित होते. यूएसबीचा हेडसेटही गप्प असेल तर सर्व्हिसेस या यादीत जाऊन विंडोज ऑडिओ आणि विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर या दोन सेवा चालू आहेत काय ते पाहावे. येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा. जानेवारी २०२५ च्या एका सुरक्षा-दुरुस्तीनंतर काही यूएसबी ध्वनिसाधनेच बंद पडली होती. म्हणून शक्य असल्यास दोन निरनिराळ्या साधनांनी पडताळणी करावी.

दुसरी चाचणी थोडी अधिक खटपटीची असली तरी अत्यंत विश्वासार्ह आहे. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घेऊन लॅपटॉप त्यावरून सुरू करता येतो. डिस्कवरील मजकुरास त्यामुळे धक्का लागत नाही. तेथे स्पीकर वाजला तर यंत्र निर्दोष आहे, आणि खर्च करावयाचे कारण उरत नाही. उलट निष्कर्ष मात्र काढू नये. तेथेही आवाज आला नाही तर स्पीकर गेलाच असे सिद्ध होत नाही, कारण त्या प्रतिमानासाठी लिनक्सचा ड्रायव्हरही अपुरा असू शकतो.

कोकणात यंत्राची बाजू इतर ठिकाणांपेक्षा अधिक काळजीपूर्वक तपासणे भाग आहे. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि किनाऱ्यालगतच्या हवेत खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म कण बाराही महिने असतात. हेडफोनच्या गोल खाचेत एक बारीक धातूची पट्टी असते. पिन आत गेली की ती सरकते आणि लॅपटॉपचा स्पीकर बंद होतो. ही पट्टी गंजली किंवा तिच्यावर क्षार साचले तर पिन काढल्यावरही ती परत जागेवर येत नाही. लॅपटॉपला हेडफोन जोडलेलाच आहे असे वाटत राहते. यादीत हेडफोनचे नाव दिसत असेल आणि प्रत्यक्षात खाच रिकामी असेल, तर हाच दोष समजावा. लॅपटॉप पूर्ण बंद करून पिन आठदहा वेळा हळुवार आतबाहेर केल्यास पट्टी पुष्कळदा मोकळी होते. खाचेत फुंकर मारण्याची सवय सर्वत्र दिसते. तिने धूळ निघते की नाही ते सांगता येणार नाही, ओलावा मात्र आत जातो. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत व घरांत पाणी शिरले होते. ज्या यंत्रांना अशा वेळी ओल लागली असेल त्यांच्या बाबतीत आवाज नेमका अद्ययावतीकरणाच्या दिवशी गेला हा निव्वळ योगायोगही असू शकतो. आधीपासून खरखर येत होती काय, एकाच बाजूचा स्पीकर वाजत होता काय, हे घरच्यांना विचारले असता पुष्कळ उलगडा होतो.

ड्रायव्हर बदलताना

यंत्र ठीक आहे अशी खात्री पटल्यावर ड्रायव्हरकडे वळावे. स्टार्टच्या चिन्हावर उजवी कळ दाबली असता डिव्हाइस मॅनेजर हा पर्याय मिळतो. तेथील ध्वनिसाधनांच्या गटात पिवळे उद्‌गारचिन्ह दिसते काय, ते पाहावे. चिन्ह असलेल्या नावावर दोनदा टिचकी मारून ड्रायव्हर या पानावर गेल्यास रोल बॅक ड्रायव्हर हे बटण आढळते. ते उमटलेले असेल तर पूर्वीचा ड्रायव्हर अजून जपलेला आहे, आणि एका टिचकीत तो परत येतो. फिकट असेल तर ही वाट बंद आहे.

मग त्या साधनाची नोंद अनइन्स्टॉल डिव्हाइस या आज्ञेने काढावी आणि रीस्टार्ट करावे. कार्यप्रणाली ते साधन नव्याने ओळखून ड्रायव्हर जोडते. तोच सदोष ड्रायव्हर परत आला तर संगणकात आधीच असलेल्या यादीतून हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस हा सर्वसाधारण ड्रायव्हर निवडावा. त्याने ध्वनी फारसा भरदार वाटणार नाही. परंतु पुष्कळशा जुन्या लॅपटॉपांवर निदान बोलणे स्वच्छ ऐकू येते आणि अडलेले काम होते. आवाज येतो पण फाटका किंवा अडखळत येतो, अशी तक्रार असल्यास ध्वनिसाधनाच्या गुणधर्मांत जाऊन ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करून पाहावे.

अलीकडच्या लॅपटॉपांची रचना जरा गुंतागुंतीची आहे. त्यांत कोडेकच्या आधी इंटेल स्मार्ट साउंड या नावाचा आणखी एक दुवा असतो आणि त्याची नोंद ध्वनीच्या गटात नसून सिस्टिम डिव्हायसेस या गटात असते. तो दुवा तुटला तर कोडेकचे नाव यादीतून संपूर्ण नाहीसे होते. अननुभवी माणूस रियलटेकचा ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवितो आणि पुन्हा पुन्हा अपयश येते, कारण दाराची कडी बाहेरून लागलेली असते. अशा वेळी आधी इंटेलचा दुवा आणि त्यानंतर कोडेकचा ड्रायव्हर हा क्रम ठेवावा लागतो.

ड्रायव्हर आणावा तो लॅपटॉपच्या उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून. लॅपटॉपच्या तळाशी प्रतिमानाचा क्रमांक असतो. तो तंतोतंत जुळला पाहिजे. सारे ड्रायव्हर आपोआप अद्ययावत करून देऊ, असे सांगणाऱ्या आज्ञावलींपासून दूर राहिलेले बरे. आणि याहून मोठा धोका वेगळाच आहे. इंटरनेटवर मदत-क्रमांक शोधला असता भलताच माणूस भेटतो, तो आपण कंपनीचा प्रतिनिधी असल्याचे सांगतो, दुरून संगणक हाताळू देणारी आज्ञावली उतरवून घेण्यास सांगतो, आणि आवाज दुरुस्त होण्याऐवजी बँकेतील शिल्लक नाहीशी होते. मायक्रोसॉफ्ट कोणासही आपण होऊन दूरध्वनी करीत नाही. अशी फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. पैसे पुढे सरकण्यापूर्वी अडविले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

काहीच जमले नाही तर परतीची वाट असते, पण ती लवकर बंद होते. विंडोज १० वरून ११ वर गेल्यानंतर सर्वसाधारणपणे दहा दिवसांच्या आत गो बॅक या पर्यायाने पूर्वस्थितीस येता येते. जुनी कार्यप्रणाली या काळात विंडोज डॉट ओल्ड या नावाच्या कप्प्यात ठेवलेली असते. डिस्कवर जागा कमी पडते म्हणून कोणी तो कप्पा पुसला तर परतीची वाटही पुसली जाते. परत गेल्यावर नियमित सुरक्षा-दुरुस्त्यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, तेव्हा हा उपाय तात्पुरता समजावा.

समोरच्यास ऐकू येत नाही

कधी स्पीकर उत्तम चालतो, पण आपले बोलणे पलीकडे पोचत नाही. याचे कारण बहुधा बिघाड नसून परवानगी हे असते. विंडोज १० पासून मायक्रोफोन कोणत्या कार्यक्रमाने वापरावा याचे नियंत्रण प्रायव्हसी या विभागात आले आहे. अद्ययावतीकरणानंतर तेथील बटणे एकदा नजरेखालून घालावीत. ब्राउझरमधून संवाद चालत असेल तर ब्राउझरची स्वतंत्र परवानगीही लागते. काही लॅपटॉपांवर मायक्रोफोन बंद करण्याचे वेगळे बटण असते आणि तेच दाबले गेलेले असते. डॉक्टरांशी किंवा न्यायालयाशी ठरलेल्या वेळेच्या आदल्या दिवशी घरातीलच दुसऱ्या भ्रमणध्वनीवर एक संवाद करून पाहिला तर ऐन वेळची धांदल टळते.

लिनक्सवर गेलेल्यांसाठी

लिनक्सचा मार्ग स्वीकारणाऱ्यांना वेगळे शब्द ठाऊक असावे लागतात. ध्वनीच्या पानावर स्पीकरच्या नावाऐवजी डमी आउटपुट एवढेच दिसत असेल तर कोडेक ओळखलेच गेलेले नाही. नव्या लॅपटॉपांवर याचे एक कारण म्हणजे साउंड ओपन फर्मवेअर या संचाचा अभाव. तो संच बसवून रीस्टार्ट केल्यास नाव प्रकट होते. नाव दिसते पण आवाज नाही, असे असेल तर टर्मिनलच्या खिडकीत अल्सामिक्सर ही आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत जोडून लिहावी. उभ्या पट्ट्या दिसतात. ज्या पट्टीच्या तळाशी एम हे अक्षर दोनदा उमटले असेल ती बंद आहे, आणि तीवर जाऊन एम दाबले की ती उघडते. एकाहून अधिक ध्वनिसाधने असतील तर एफ ६ दाबून योग्य ते निवडावे. ऑटो-म्यूट हा पर्याय चालू असेल आणि वर सांगितल्याप्रमाणे हेडफोनची खाच गंजलेली असेल, तर तो बंद केल्याने स्पीकर मोकळा होतो. दुरुस्तीवाल्याकडे न जाता कोकणातील गंजावर मात करण्याची ही सोय विशेष उपयोगी आहे.

लिनक्समध्येही ध्वनिव्यवस्था बदलत आली आहे. उबुंटूने २००८ मध्ये पल्सऑडिओ स्वीकारले आणि २०२२ च्या ऑक्टोबरमधील आवृत्तीपासून पाइपवायर. त्यामुळे जुन्या पुस्तकातील किंवा जुन्या टिपणातील आज्ञा जशाच्या तशा चालतील असे नाही. नव्या कर्नेलनंतर, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा बदलल्यानंतर, आवाज गेला असेल तर संगणक सुरू होताना ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून मागील कर्नेल निवडावे. ते सहसा पुसलेले नसते.

ज्यांचा पडदाच आवाज आहे

दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरते ती पडदावाचक आज्ञावलीच्या साहाय्याने. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेली एनव्हीडीए ही आज्ञावली विनामूल्य मिळते आणि तिच्यासोबतच्या ई-स्पीक या वाचकाला मराठीही वाचता येते. विद्यार्थी तिच्या बळावर परीक्षेचे अर्ज भरतो, कारकून कार्यालयातील पत्रे वाचतो. अद्ययावतीकरणानंतर इतरांचा लॅपटॉप मुका होतो. दृष्टिहीन माणसाचा मात्र त्याच क्षणी आंधळाही होतो. दोष शोधण्याच्या वर दिलेल्या सर्व कृतींना डोळे लागतात, आणि विंडोजचा स्वतःचा नॅरेटर मदतीस बोलवावा तर त्यालाही तोच बंद पडलेला स्पीकर वापरावा लागतो. घरात दुसरे कोणी नसेल तर काम तेथेच थांबते.

म्हणून अशा व्यक्तीच्या लॅपटॉपची कार्यप्रणाली बदलण्यापूर्वी यूएसबीचा हेडसेट जोडून, तो चालतो याची खात्री करून मगच कामास हात घालावा. आतील कोडेक बंद पडले तरी या दुसऱ्या वाटेने वाचक बोलत राहण्याची शक्यता पुष्कळ असते. आणखी एक बाब दुर्लक्षित राहते. एनव्हीडीएमध्ये आवाज कोणत्या साधनातून यावा याची स्वतंत्र निवड असते. संगीत वाजते पण वाचक गप्प आहे, असे झाल्यास ती निवड जुन्या, आता नसलेल्या साधनावर अडकली आहे काय ते पाहावे. अलीकडच्या आवृत्त्यांत एनव्हीडीएचे बटण, कंट्रोल आणि यू दाबल्यास हे पान थेट उघडते. ब्रेल दर्शक उपलब्ध असेल तर त्याच्याइतका भरवशाचा आधार दुसरा नाही, परंतु त्याची किंमत पाहता तो थोड्यांनाच परवडतो. शाळा व महाविद्यालयांच्या संगणक कक्षात एका रात्रीत सर्व यंत्रे अद्ययावत करण्याचा उत्साह दाखविताना निदान एक यंत्र आठवडाभर जुन्या स्थितीत ठेवले तर अशा विद्यार्थ्याचे काम अडणार नाही.

बदलण्यापूर्वीचा अर्धा तास

खरे तर पुष्कळसा मनस्ताप आधीच्या अर्ध्या तासात वाचविता येतो. डिव्हाइस मॅनेजरमधील ध्वनिसाधनाचे नाव व ड्रायव्हरची आवृत्ती यांचे भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून ठेवावे. उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या प्रतिमानासाठी नव्या कार्यप्रणालीचा ध्वनी-ड्रायव्हर दिलेला आहे काय ते पाहावे, आणि असल्यास पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावा. नसल्यास तो लॅपटॉप उत्पादकाने मागे सोडला आहे असे समजून निर्णय घ्यावा. महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवणे तर ओघानेच आले. दिवसही विचारपूर्वक निवडावा. जून ते सप्टेंबर या काळात विजांचा कडकडाट व वीजपुरवठ्यातील खंड लक्षात घेता बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय हे काम आरंभू नये, कारण अर्ध्यावर थांबलेले अद्ययावतीकरण आवाजाहून अधिक काही घेऊन जाऊ शकते. काम पुरे झाल्यावर स्पीकर, हेडफोन, ब्लूटूथ आणि मायक्रोफोन या चारही वाटा त्याच दिवशी तपासाव्यात, आणि दहावा दिवस कोणत्या तारखेस येतो ते घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे.